मंगळवारचा निरोप

कळंब
१७ नोव्हेंबर २०२४

बुधीबाय,

“तू लिवतेस ते आमाला वाचता येत नाय, म्हनून जपून लिव गं.” सहा वर्षांपूर्वी तू मला हे म्हणाली होतीस. मी पहिल्यांदाच वाडीत आले होते. तुझ्या अंगणात बसून घराघरातली माणसं वहीत उतरवत होते आणि तू शेजारी नाचणी पाखडत होतीस. मी हसले. वाटलं, संस्थेची बाई म्हणून माझी फिरकी घेते आहेस. तू हसली नव्हतीस, हे आता आठवतं.

रोहिणी, हे पत्र तूच आईला वाचून दाखवणार, म्हणून आधी तुला सांगते. जसं लिहिलंय तसं वाच. तिला त्रास होईल म्हणून काही गाळू नकोस आणि माझी दया येऊन काही मऊ करू नकोस. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू म्हणालीस, “मावशी, आई कामात हाय.” रसायनीच्या त्या एका खोलीत तिला एवढं काय काम असेल, हे मी विचारलं नाही.

बुधीबाय, इकडचं सांगते. भात झोडून झालं. फाट्यावरची बाजारशेड सुरू होऊन तीन महिने झाले. शनिवार-रविवारी रिसॉर्टला जाणाऱ्या गाड्या थांबतात. इंदूबाईचे पापड अकरा वाजेपर्यंत संपतात. कोंडाजीदादा स्वतः दुधी घेऊन उभा राहतो आणि शहरातल्या बायकांशी घासाघीस करताना लाजतो. सरपंच लाजताना मी पहिल्यांदाच पाहिला. वरच्या दोन गावांचा टेंपो नव्या रस्त्याने वीस मिनिटांत खाली येतो.

शेडमध्ये सहा टेबलं आहेत. पाच गावांची पाच, सहावं वाडीचं. त्याच्यावर पाटीही लागली आहे. परवा इंदूबाईने आपली टोपली त्याच्यावर ठेवली, मी उचलून खाली ठेवली. ती म्हणाली, “अगं छाया, बुधी येनार हाय का आता? उगा कशाला जागा अडवतेस?” मी म्हटलं, येईल. ती टोपली घेऊन गेली.

वाडीत मात्र माझं जाणं झालं नाही. पाय दुखतो आहे, चढ चढवत नाही.

तुझी
छाया


८ डिसेंबर २०२४

बुधीबाय,

रोहिणीने कळवलं की तू पत्र ऐकलंस आणि विळी धुवायला उठलीस. तू ऐकलंस, एवढंही मला पुष्कळ वाटलं.

आज शेडमध्ये बसले होते आणि आपली पहिली बैठक आठवली. पाच गावं आणि एक वाडी, जो तो आपापलं पीक आपापल्या व्यापाऱ्याला घालत होता. सगळ्यांच्या पुढाऱ्यांना एकत्र बसवून विक्रीचं एक मंडळ करायचं माझ्या डोक्यात होतं. कागदावर ते फार सोपं दिसत होतं. कोंडाजीदादा आणि शेजारच्या गावची इंदूबाई एका देवळाच्या मंडपावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला बैठकीत कळलं. तो एका भिंतीकडे तोंड करून बसला, ती दुसऱ्या. मी माझे तक्ते घेऊन मधे उभी. रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा तू मागून उठून आलीस आणि दोघांच्या मधोमध फतकल घालून बसलीस. म्हणालीस, “तुमी नका बोलू एकमेकांशी. माज्याशी बोला. मी इकडचं तिकडं सांगते.”

आणि खरंच तसं सुरू झालं. “बुधीबाय, त्यांना सांगा, काकडी आमची जास्त हाय.” “बुधीबाय, त्यांना म्हनावं, काकडीनं पोट भरत नाय, तांदूळ आमचा हाय.” तू दोघांचंही, त्यांच्याच चालीत, हेल काढून दुसऱ्याला सांगायचीस. इंदूबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि म्हणाली, “अगं पुरे, मी ऐकलं त्याचं!” नऊ वर्षांनी ती त्याच्याबद्दल सरळ बोलली ती अशी. ते मंडळ त्या दिवशी झालं, आणि ते मी केलं असं मी सगळीकडे सांगत फिरले.

एवढे निरोप तू इकडून तिकडे नेलेस, एकाही शब्दाची भेसळ केली नाहीस. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मग कोंडाजीदादाने तुला खुर्ची पुढे केली. “बसा की वर, तुमी पन पुढारी आता.” तू म्हणालीस, “नको दादा. आमच्याकडं खुर्ची ग्रामसेवकाला देतात. खुर्ची दिली की मानूस लवकर उठतो.” सगळी खोली हसली. मी सर्वांत जास्त हसले, कारण तुझ्या घरी मी कधीच खुर्चीवर बसले नव्हते. माझी आई गेली तेव्हा तू वाडीतून उतरून आलीस आणि दिवसभर माझ्याशेजारी जमिनीवर बसून होतीस. संध्याकाळी म्हणालीस, “जेव थोडं.” तेवढेच दोन शब्द.

ती सही आठवते? पाटीवर गिरवून गिरवून मी तुला शिकवली. ‘बु’ काढताना तू म्हणालीस, “ह्याचं पोट लई मोठं हाय, माज्यासारखं.” मंडळाच्या हजेरीवर अंगठा उमटवणार नाही, सही करीन, असा तुझाच हट्ट होता.

पुढचं आज लिहवत नाही.

छाया


१२ जानेवारी २०२५

बुधीबाय,

महिनाभर पत्र लिहिलं नाही. रोज लिहायला बसत होते. आज सगळं लिहिते. तुला हे ठाऊकच आहे, रोहिणीला नसेल. तिलाही कळू दे.

गेल्या वर्षी १८ फेब्रुवारीला, रविवारी, शाळेत बैठक होती. शेडला जागा मिळाली होती. वरच्या गावांचा माल खाली आणायचा तर वाडीखालच्या माळावरून रस्ता हवा होता. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत, म्हणजे सोमवारी, कागद अलिबागला द्यायचा होता. आपल्याकडे नेहमी करतात तसं मी केलं: लोक लवकर उठून जातात म्हणून हजेरीच्या सह्या आधी घेतल्या आणि ठरावाची जागा कोरी ठेवली. पहिली सही तुझी होती. कोंडाजीदादाने टाळी वाजवली होती, “बुधीबायची सही पहिली!” तू पदराने बोट पुसलंस, जणू शाई लागली असावी.

रस्त्याचं बोलणं निघालं. सगळे हो म्हणाले. तू गप्प होतीस.

वाडीतला माणूस बैठकीत हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही, हे मला ठाऊक होतं. तो ऐकतो, घरी जातो, सगळी वाडी एकत्र बसते, आणि तिसऱ्या दिवशी उत्तर येतं. हे मला तूच शिकवलं होतंस, सहा वर्षांत शंभर वेळा मी ते पाहिलं होतं. संस्थेत नव्या येणाऱ्या मुलींना मीच सांगत असे, वाडीतली गप्प बसणारी माणसं कबूल झाली असं समजू नका. निघताना तू म्हणालीस, “परवा सांगू.”

परवा म्हणजे मंगळवार. कागद सोमवारी द्यायचा होता.

रविवारी दुपारी, शाळेच्या बाकावर बसून, मी कोऱ्या जागेत लिहिलं: ‘सर्वानुमते मंजूर.’ तुझ्या सहीच्या वर.

मंगळवारी तू आलीस. उन्हात चालत, डोक्यावर पदर दुमडून. दारातच म्हणालीस, “छाये, वाडी बसली. रस्ता घ्या म्हनतात. पन उंबराखालच्या झऱ्याला वळसा घाला. चैत्र-वैशाखात तोच एक हाय आमाला.” तुम्ही रस्ता नाकारला नव्हता, बुधीबाय. फक्त वळसा मागितला होता. मी तुला पाणी दिलं आणि म्हटलं, “हो, सांगते त्यांना.”

कागद आदल्या दिवशीच गेला होता, हे तुला सांगितलं नाही. आखणी होईल तेव्हा वळशाचं बोलू, असं मनाशी म्हटलं. वहीत लिहून ठेवलं. ती वही माझ्याकडे आहे: ‘२० फेब्रु. बुधीबाय. झऱ्याला वळसा.’ खाली रेघ मारली आहे. पण कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की सर्वानुमते मी माझ्याच मनाने लिहिलं होतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता मे आला. मी चार दिवस पुण्याला प्रशिक्षणाला गेले आणि त्या चार दिवसांत जेसीबी माळावर चढला. भराव उंबराच्या बुंध्यापर्यंत आला.

छाया


१९ जानेवारी २०२५

बुधीबाय,

मागचं पत्र अर्धवट टाकलं. खरी गोष्ट पुढेच आहे.

झरा बुजला त्याच्या तिसऱ्या दिवशी अख्खी वाडी फाट्यावर उतरली. तुझा दीर दशरथ पुढे होता. शेजारची जयवंता रिकामा हंडा घेऊन आली होती. कोंडाजीदादा होता, बांधकाम खात्याचा साहेब होता. साहेबाने ठराव काढून दाखवला, “ही पहिली सही कोणाची?” दशरथने तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, “मी वळसा सांगितला व्हता. मंगळवारी. छायेला इचारा.”

दशरथने मला विचारलं, “बाय, बुधी मंगळवारी आलती का? वळसा सांगितला का तिनं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. तू नव्हतीस बघत. तू माझ्या शेजारी उभी होतीस, तशीच, निवांत, कारण तुला माहीत होतं मी काय बोलणार ते.

मी म्हटलं, “कागदावर सही आहे ना.”

खोटं बोलले नाही, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते. सही होतीच की. पण तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस, ते काय सांगू. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसतं बघितलंस, नवीन माणसाकडे बघावं तसं. मग खाली मान घालून चालायला लागलीस. तुझ्यामागून कोणी गेलं नाही. जयवंताने हंडा आपटला आणि म्हणाली, “शिकली ना सही! सही शिकली नि वाडी इकली.”

आठवड्याने तू रोहिणीकडे गेलीस. जी बाई दोन भांडणाऱ्या गावांचे निरोप कानामात्रेचा फरक न करता नेत होती, तिने आपल्याच वाडीचा निरोप पोचवला नाही, असं तिच्या माणसांनी मानलं. तो पोचला होता. माझ्यापाशी येऊन थांबला होता.

छाया


९ फेब्रुवारी २०२५

बुधीबाय,

पाय दुखत नव्हता. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं.

गेल्या रविवारी वाडीत गेले. आधी कोंडाजीदादाला सांगितलं. तो दुधीच्या टोपल्या रचत होता. म्हणाला, “छाया, आता कशाला उकरतेस? शेड उबी ऱ्हायली ना? चार गावचं भलं झालं.” मी म्हटलं, “पाच गावं आणि एक वाडी होती, दादा.” त्याने हातातला दुधी टोपलीत ठेवला. मग म्हणाला, “मी पन ईचारलं नाय तवा. वाडी गप हाय, म्हंजे हायच की, असं धरलं.” संस्थेलाही लेखी दिलं. त्यांनी मंडळाचं काम माझ्याकडून काढून दुसऱ्या मुलीला दिलं आहे. ते बरोबरच आहे.

वाडीत सगळे जमले. मी वही उघडून वाचली, २० फेब्रुवारीची ओळ. मग तुला लिहिलं तेच सगळं तोंडाने सांगितलं. लिहिण्यापेक्षा ते फार कठीण गेलं.

दशरथ म्हणाला, “आता सांगतेस? बुधी हितनं बोचकं बांधून गेली तवा कुटं होतीस?”

“खाली होते,” मी म्हटलं.

“खाली!” तो म्हणाला. “आमी तिला वरून खाली लोटली नि तू खाली बसून बगत व्हतीस.”

दशरथ उठला. “जा आता. वाडी बसंल.” मी उतरले. उंबराखाली थांबले. भरावाच्या कडेला माती ओली आहे, बुधीबाय. अजून ओली आहे. हात लावून पाहिला.

तिसऱ्या दिवशी परत गेले. बोलावलं नव्हतं, तरी गेले. दशरथ भेटला नाही. तुझ्या घरावरून आले तर अंगण सारवलेलं होतं. ताजं, बोटांच्या वळ्या दिसत होत्या. तुझ्या दाराला कुलूप, आणि अंगण असं. जयवंता ओट्यावर हात धुत होती, कोपरापर्यंत शेण. माझ्याकडे न बघता म्हणाली, “धूळ लई झालती.”

मला तिथे बसून रडावंसं वाटलं, पण ते अंगण माझ्यासाठी सारवलेलं नव्हतं.

छाया


५ मार्च २०२५

बुधीबाय,

हे शेवटचं पत्र. रोहिणी, सावकाश वाच.

येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. या वेळी शाळेत नाही, वाडीत. पाचही गावांची माणसं चढून वर येणार आहेत. कोंडाजीदादाने सगळ्यांना सांगितलंय की खुर्च्या आणायच्या नाहीत. हजेरी शेवटी होईल. साहेब म्हणतो, उंबरापाशी भराव काढून खाली मोरी घातली तर झरा मोकळा होईल, पण त्याला वाडीचं म्हणणं कागदावर हवं. ते म्हणणं काय, हे आता सगळ्यांना माहीत आहे. तरी दशरथ म्हणतो, “ते बुधीच्या तोंडून येऊ दे. निरोप तिचा होता.” तो स्वतः शनिवारी तुला न्यायला रसायनीला येतो आहे. जयवंताही येते म्हणते. तिला बोलता येणार नाही, तू तिला बोलायला लावू नकोस.

त्यांच्याबरोबर जा, असं मी सांगणार नाही. ते मागणं त्यांचं आहे आणि ते तेच करतील. होळी वाडीत व्हावी तुझी, एवढं मनात येतं. शेडमधलं सहावं टेबल मी रोज पुसते. त्याच्यावर काय ठेवायचं आणि ठेवायचं की नाही, ते वाडी ठरवील.

मला माझ्यासाठी एकच मागायचं आहे, आणि ते मागण्याआधी जुलैचं लिहिलं पाहिजे.

जुलैत मी रसायनीला आले होते. रोहिणीने दार उघडलं. तू भिंतीला टेकून भाजी निवडत होतीस. मी सवयीने चप्पल काढली आणि तुझ्याजवळ बसायला वाकले. तू रोहिणीला म्हणालीस, “मॅडमना खुर्ची आन गं.” घरात खुर्ची नव्हती. रोहिणी म्हणाली, “आई, असू दे की.” तू म्हणालीस, “शेजारून आन.” ती गेली आणि निळी खुर्ची घेऊन आली. मी बसले. माझे गुडघे तुझ्या खांद्याच्या उंचीला आले. तू पाणी दिलंस, चहा दिलास, रोहिणीच्या कॅन्टीनच्या कामाचं सांगितलंस, माझ्या कामाची चौकशी केलीस. कुठेही कमी केलं नाहीस. दहा मिनिटांत मी उठले.

तुझी ती खुर्चीची जुनी थट्टा मला जिना उतरताना आठवली.

रविवारी मीही वाडीत येईन. मागे बसेन, लिहिणार नाही, वही आणणार नाही. बैठक संपली, माणसं पांगली, की मी तुझ्या अंगणापाशी येईन. माफ कर म्हणत नाही. झालं गेलं विसर असंही म्हणत नाही. बोललीही नाहीस तरी चालेल. वाडीतल्या जैतूच्या घरी एक खुर्ची आहे, ग्रामसेवकासाठी ठेवलेली. ती मागवू नकोस. मला खाली बसू दे, थोडा वेळ.

तू मागवशील, मला माहीत आहे. जैतूला हाक मारशील आणि तो ती धुऊन, पुसून आणील. तरीही मागते, बुधीबाय. नको मागवूस.

छाया